चाकांना तो हक्क नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत कॅम्परव्हॅननं, म्हणजे आत झोपायची-शिजवायची सोय असलेल्या गाडीनं, नॉर्वे फिरण्यावर एक लेख आला होता. गुहागरच्या भाच्यानं त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, "मामी, हे तुम्हीच लिहिलंय का" म्हणून. नाही बाबा, मी नाही लिहिलेलं. पण आम्ही सोळा वर्षं हॅम्बुर्गला राहतोय, दारात फियाटची एक जुनी डुकाटो कॅम्पर उभी आहे, आणि तीन उन्हाळे ती बोटीवर घालून आम्ही वर नॉर्वे-स्वीडनला नेली, त्या जोरावर हे पत्र लिहितेय. लेख चांगला होता, फोटो तर फारच सुंदर, पण त्यात एक वाक्य असं होतं की ते वाचून मला गप्प बसवेना. नॉर्वेत म्हणे कायद्यानंच मुभा आहे, कॅम्पर कुठंही लावा, पडदे ओढा आणि फुकट झोपा.

असं नाहीये हो!

त्या हक्काला तिकडं आलेमान्सरेटन म्हणतात, म्हणजे सगळ्या माणसांचा हक्क. १९५७ च्या कायद्यात तो लिहिलाय. रानात, डोंगरात, तळ्याकाठी कुणीही चालावं, तंबू ठोकावा, जांभळांसारख्या त्या ब्लूबेरी तोडून खाव्यात. तंबू वस्तीतल्या घरापासून दीडशे मीटर लांब हवा आणि वस्तीपासून फार लांब नसेल तर एका जागी परवानगीशिवाय दोनच रात्री, एवढीच अट. पण हे सगळं पायी फिरणाऱ्यासाठी. मोटारगाडी रानात घालायला १९७७ च्या वेगळ्या कायद्यानं बंदी आहे. स्वीडनमध्येही तेच, हक्क माणसाच्या पायांना, चाकांना नाही. आणि डेन्मार्कमध्ये तर असा हक्कच नाही, तिथं रात्र काढायची तर कॅम्पसाइटवर किंवा ठरवून दिलेल्या जागी. नॉर्वेत रस्त्याकडेला मोकळी जागा असेल आणि मनाईचा बोर्ड नसेल तर एखादी रात्र काढता येते, आम्हीही काढल्यात, पण ती सोय म्हणून, हक्क म्हणून नव्हे, आणि बाहेर खुर्च्या-टेबल मांडून, कापडी छत लावून संसार थाटायचा नाही.

हा नुसता कायद्याचा कीस नाहीये. पहिल्या वर्षी आम्हीसुद्धा असंच काहीतरी वाचून गेलो होतो. पश्चिम नॉर्वेत हार्डांगरच्या बाजूला एका ओढ्याशेजारी छान सपाट जागा दिसली, गाडी लावली, खुर्च्या बाहेर काढल्या, चहा टाकला. रात्रीचे नऊ वाजले असतील, ऊन लख्ख होतं. एक म्हातारेबुवा हातात बादली घेऊन खालून चालत आले आणि आमच्याशी एक शब्द न बोलता बर्चच्या झाडाच्या फांद्या बाजूला केल्या, तर मागं बोर्ड, कॅम्पिंगला मनाई! मग तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं की आदल्या वर्षी कुणीतरी टॉयलेटची कॅसेट, म्हणजे कॅम्परमधल्या संडासाची मैल्याची टाकी, याच ओढ्यात ओतून गेलं आणि खाली त्यांच्या मेंढ्या पाणी पितात. आवाज चढवला नाही, शिवी नाही, काही नाही. आम्ही खुर्च्या घडी करून आत टाकेपर्यंत बादली घेऊन तिथंच उभे राहिले. नवरा म्हणाला, आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

आता बोटीविषयी. लेखात "फेरीनं पलीकडे जावे" असं एका ओळीत उरकलंय, आणि पुढं सल्ला की पैसे वाचवायचे तर डेन्मार्कमधून पुलांवरून जावं. पूल आहेत खरे, डेन्मार्कमधलाच स्टोअरबेल्टचा १८ किलोमीटरचा, १९९८ मध्ये गाड्यांना खुला झाला, आणि २००० मध्ये झालेला, डेन्मार्कहून स्वीडनला जाणारा ओरेसुंदचा, पण त्यांचाही टोल पडतो आणि लांब गाडीला जास्त पडतो. शिवाय गाडी तुम्हीच चालवायची. बोटीवर ड्रायव्हर झोपतो, ही किंमत कुणी धरतच नाही! जर्मनीतल्या कीलहून ओस्लोची बोट दुपारी दोनला सुटते, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ओस्लोत उतरवते, रात्रभरात सगळं डेन्मार्क आणि स्वीडनचा किनारा झोपेत मागं पडतो. कीलहून स्वीडनच्या योटेबोर्गची पण रात्रीची बोट आहे. ट्रावेम्युंडेहून हेलसिंकी जवळपास तीस तासांची, ती आम्ही अजून केली नाही. जर्मनीतलं पुटगार्डन ते डेन्मार्कमधलं र‍्योडबी फक्त पाऊण तास, या मार्गावर २०१९ पर्यंत आख्खी आगगाडी बोटीच्या पोटात शिरायची, माझ्या मुलीनं ते पाहिलंय आणि अजून सांगते. आता त्या ठिकाणी समुद्राखालून १८ किलोमीटरचा बोगदा बांधतायत, झाला की कामाचा असेल, पण मला ती बोट आठवेल.

आम्ही बहुतेक वेळा हिर्ट्सहाल्सला जातो. हॅम्बुर्गहून जवळजवळ पाचशे किलोमीटर सरळ उत्तरेला, डेन्मार्कच्या पार टोकाला, आणि तिथून नॉर्वेतल्या क्रिस्टियानसांडची सव्वातीन तासांची बोट. यात मजा अशी की ई-३९ नावाचा हमरस्ता डेन्मार्कमध्ये समुद्राशी संपतो आणि पलीकडे नॉर्वेत तोच नंबर पुन्हा सुरू होऊन स्टावांगर, बर्गन करत ट्रॉनहाइमपर्यंत जातो. म्हणजे मधला समुद्र हा त्या रस्त्याचाच तुकडा. दाभोळ-धोपावेची फेरीबोट ज्यांनी वापरलीय त्यांना हे समजावून सांगायला नको, आमच्या लहानपणी ती नव्हती तेव्हा चिपळूणवरून वळसा किती पडायचा ते विचारा.

पण गाडी बोटीवर घालायची म्हणजे गाडी मोजून द्यावी लागते, आणि लेखात नेमकं हेच नाही. तिकीट काढताना लांबी आणि उंची विचारतात. आमची डुकाटो कागदावर ५.९९ मीटर, मी तेच भरलं. मागं सायकलींचं स्टँड आणि त्यावर तीन सायकली, ते मोजायचं डोक्यातच आलं नाही. बंदरावर जॅकेटवाल्या मुलानं गाडीभोवती चक्कर मारली, काठी लावली, आणि म्हणाला ही सहा मीटरची गाडी नाही. बरोबरच होतं त्याचं. फरक भरला, तोही आयत्या वेळच्या दरानं, आणि लाइन बदलून उंच गाड्यांच्या लाइनीत शेवटी. तेव्हा सायकली, टपावरची पेटी, वरचा अँटेना, सगळं धरून टेपनं मोजा, नवऱ्याच्या अंदाजावर जाऊ नका.

गॅसच्या सिलिंडरचा कॉक बंद करायचा, फ्रिज गॅसवर चालत असेल तर तोही बंद. सेन्सरवाला अलार्म असेल तर तो बंद करून ठेवायचा नाहीतर लाटेनं गाडी हलली की आख्खा डेक बोंबलतो. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवायची. आणि एकदा वर गेलात की गाड्यांचा डेक बंद, परत खाली सोडत नाहीत. हे मला माहीत होतं, तरी गेल्या खेपेला सासूबाईंच्या प्रेशरच्या गोळ्या कॅम्परच्याच ड्रॉवरमध्ये राहिल्या. बोट सुटून दहा मिनिटं झाली आणि त्या म्हणाल्या, "अगं, माझी दुपारची गोळी?" मी खाली पळाले, दाराशी उभ्या असलेल्या माणसानं नम्रपणे नाही म्हटलं. सव्वातीन तास त्या वर खिडकीपाशी शांत विणत बसल्या होत्या आणि मीच दर पंधरा मिनिटांनी त्यांचा चेहरा बघत होते, माझंच प्रेशर वाढलं असणार. तर गोळ्या, स्वेटर, डबा, पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट हे एका पिशवीत, आणि ती पिशवी आपल्या खांद्यावर.

आणखी एक, हे वाचून हसाल. नॉर्वेत बटाटे न्यायला बंदी आहे! पिकाचे रोग येऊ नयेत म्हणून. बाकी भाज्या-फळं युरोपातून माणशी दहा किलोपर्यंत चालतात, बटाटा मात्र नाही. आम्ही निघालो आषाढी जवळ आलेली, सासूबाईंनी खिचडीसाठी तीन किलो बटाटे घेतलेले, आणि हिर्ट्सहाल्सच्या कॅम्पसाइटवर आदल्या रात्री मला हे कुठंतरी वाचायला मिळालं. मग काय, त्या एवढ्याशा दोन बर्नरच्या शेगडीवर बटाट्याची भाजी, काचऱ्या, शेजारच्या डच जोडप्याला पण वाटीभर, उरलेले त्यांनाच देऊन टाकले कारण ते परतीच्या वाटेवर होते. एकादशीला क्रिस्टियानसांडच्या दुकानातून नॉर्वेचेच बटाटे आणले. खिचडी झाली, पण सासूबाईंचं म्हणणं, बटाटा पिठूळ नाही.

गॅसचं पण लक्षात ठेवा. जर्मनीतला ११ किलोचा राखाडी सिलिंडर तिकडं बदलून मिळत नाही, तेव्हा निघतानाच भरलेला घ्यायचा आणि जपून वापरायचा. आणि वजन! आमचं लायसन साडेतीन टनांपर्यंतचं, पाणी, सायकली, डाळ-तांदूळ, कुकर, सासूबाईंचं जातं नाही आणलं एवढंच, तर एकदा वजनकाट्यावर घालून बघितली तेव्हा जेमतेम ३० किलो शिल्लक होते. तेव्हापासून पाण्याची टाकी अर्धीच भरतो.

पलीकडे उतरल्यावर पुन्हा फेऱ्याच फेऱ्या. पण या वेगळ्या, फ्योर्डवरच्या, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांवरच्या, दहा-वीस मिनिटांच्या. बुकिंग नाही, आखलेल्या लाइनीत गाडी लावायची, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल घरी येतं. इथंही सहा मीटरच्या आतल्या आणि वरच्या गाडीच्या भाड्यात चांगला फरक पडतो, सायकली पुन्हा आडव्या आल्या. पश्चिम किनाऱ्याच्या या फेऱ्यांवर स्वेले म्हणून एक जाडसर गोड घावन मिळतं, ताकात भिजवलेलं, त्यात त्यांचं तपकिरी चीज किंवा लोणी-साखर घालून घडी करून देतात. ते तपकिरी चीज म्हणजे चीज नव्हेच, निवळी आटवून आटवून केलेलं, कंदी पेढ्याच्या जवळ जाणारी चव. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि विचारलं, वेलची का नाही घालत हे लोक. आइड्सडाल ते लिंगे ही फेरी तर इतकी छोटी की गरम स्वेले हातात असतानाच पलीकडचा धक्का येतो.

म्हणून मी म्हणते या फेऱ्यांना "अडथळा" म्हणू नका, तुमच्या लेखकानं म्हटलंय. तिकडच्या लोकांना रोज जावं लागतं, त्यांना वाटणारच, ई-३९ वरच्या फेऱ्या कमी करायला सरकार स्टावांगरच्या उत्तरेला समुद्राखालून जवळजवळ २७ किलोमीटरचा बोगदा खणतंय. पण सुट्टीवर आलेल्या माणसाला घाई कसली? लेर्डालचा साडेचोवीस किलोमीटरचा बोगदा आम्ही केलाय, मध्ये तीन ठिकाणी निळ्या दिव्यांच्या गुहा केल्यात ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून, मुलीला फार आवडलं, मला कधी एकदा आकाश दिसतंय असं झालं होतं.

स्वस्त पडतं का, हा प्रश्न सगळे विचारतात. खरं सांगायचं तर नाही. दोन-चार दिवसांसाठी तर मुळीच नाही, बोटीचं भाडं, डिझेल, टोल, कॅम्पसाइट, सगळं धरून एखाद्या साध्या हॉटेलच्या आसपास जातं. तीन आठवडे असतील, घरचं शिजवून खाणार असाल, सोबत म्हातारं माणूस किंवा मूल असेल ज्याला स्वतःची उशी आणि स्वतःचा संडास लागतो, तर मग दुसऱ्या कशाला तोड नाही. महाराष्ट्रातून येऊन भाड्यानं कॅम्पर घेणाऱ्यांनी ती गाडी बोटीवर आणि नॉर्वेत न्यायला मालकाची परवानगी आहे का हे आधी विचारून, कागदावर लिहून घ्यावं. आणि संध्याकाळची बिअर पिऊन "जरा पुढं लावतो गाडी" हे तिकडं चालत नाही, नॉर्वे-स्वीडनला रक्तातल्या दारूची मर्यादा हजारात ०.२ आहे, जर्मनी-डेन्मार्कला ०.५.

माझी विनंती एवढीच, पुढच्या पुरवणीत त्या "कुठंही लावा, फुकट झोपा" या वाक्याची दुरुस्ती छापा, छोट्या चौकटीत का होईना. उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर कॅम्परना मनाईचे बोर्ड आता जागोजागी दिसतात, आणि इथल्या आपल्या मराठी ग्रुपवर तुमचं ते कात्रण परवापासून फिरतंय, त्यावर दोन कुटुंबांनी पुढच्या जूनची बोट बुक पण केलीय. त्यांना मी फोन करून सांगितलंय. बाकीच्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत.

आपली,
एक वाचक, हॅम्बुर्ग
(मूळ गाव गुहागर)