बाबा, कॉम्प्युटर इतक्यात भंगारात काढू नका

आइंडहोव्हन,
जुलै

तीर्थरूप बाबांस,
सादर नमस्कार.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या." बाबा, कृपा करून इतक्यात काही घेऊ नका. त्याने कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही, नुसतं बटण दाबून निकाल दिला, याचा मला फार राग आला. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही, अशा मशीनमध्ये मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड, गेलेला असू शकतो, पण संशयितांच्या यादीत तो बराच खाली येतो. त्याच्या आधी भिंतीवरचा सॉकेट आहे, यूपीएस आहे, केबल आहे, एसएमपीएस (भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारी कॅबिनेटमधली पत्र्याची पेटी) आहे, समोरचं बटण आहे. ही सगळी मंडळी घरच्या घरी तपासता येतात. फोनवर सांगत बसले तर वायरचे रंग उलटसुलट होतील, म्हणून लिहूनच पाठवतेय. समीर शनिवारी येईल तेव्हा त्याला शेजारी बसवा आणि वाचत वाचत पुढे जा.

त्याआधी तुमच्या पावसाच्या नोंदींबद्दल. तुम्हाला खरा घोर त्यांचाच लागलाय, हे तुमच्या आवाजावरून कळलं. त्या हार्ड डिस्कवर आहेत. डिस्क ही वेगळी पेटी आहे. मशीनला वीजच पोचत नसेल तर डिस्कला सहसा काहीही झालेलं नसतं. विजेच्या जबरदस्त झटक्यात क्वचित तीही जाते, पण तुम्ही सांगताय त्यात ना जळका वास आहे, ना फटाका वाजलाय. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहिणं चालू ठेवा, मशीन सुरू झालं की मधले दिवस भरून काढू. आणि मशीन दुकानात द्यायची वेळ आलीच, तर डिस्क आधी काढून कपाटात ठेवा. चार स्क्रू आणि दोन केबल, एवढंच काम आहे. वीज पोचते की नाही हे बघायला दुकानदाराला डिस्क लागत नाही. पुढे ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून सगळं उतरवून घेता येईल. फक्त समीरला सांगा, आपली डिस्क मोठी, साडेतीन इंची आहे. तिला १२ व्होल्ट लागतात, म्हणून डिस्क आत ठेवून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची जी बाहेरची केस मिळते, ती वेगळा अॅडॉप्टर असलेलीच घ्यायची. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कची केस तिला चालणार नाही.

आता भिंतीपासून सुरुवात करा. कॉम्प्युटरचा प्लग काढा आणि त्याच सॉकेटमध्ये टेबल फॅन लावून बघा. मोबाइलचा चार्जर लावून खात्री करू नका, तो अर्धवट संपर्कावरही चालतो. टेस्टरवरही विसंबू नका. टेस्टर फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार दाखवतो. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, कुठे तुटली असेल तरी टेस्टर मस्त पेटतो आणि मशीन मात्र ढिम्म. आपल्या खोलीतल्या बोर्डावरचे सॉकेट जुने आहेत, आतल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या की प्लग नुसता लोंबकळत राहतो. फॅन चालता चालता प्लग हलवून बघा. फॅन अडखळला तर दोष तिथेच आहे, आणि तो वायरमनचा विषय आहे.

सॉकेट ठीक निघाला तर यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाजूला ठेवा आणि कॉम्प्युटर थेट भिंतीत लावा. यूपीएसमधली बॅटरी काही वर्षांत म्हातारी होते. मग काही यूपीएस असे असतात की घरात वीज असूनही ते स्वतः सुरू होत नाहीत आणि पुढे काही सोडत नाहीत. आपण मात्र कॉम्प्युटरला दोष देत बसतो. तसं निघालं तर नुसती बॅटरी बदलून काम भागतं. मग कॅबिनेटच्या मागची काळी पॉवर केबल. मॉनिटरलाही बहुधा तसलीच असते, ती काढून इथे लावून बघा. केबल जिथे घुसते तिथेच, एसएमपीएसच्या मागच्या बाजूला, एक छोटं काळं बटण असतं, ते रेघेच्या बाजूला दाबलेलं हवं, गोलाच्या बाजूला नको. झाडलोट करताना ते नकळत बंद होतं. शेजारी छोटा लाल सरकता खटका असेल तर तो २३० वरच हवा. त्याला मुळीच हात लावू नका. तो चुकून ११५ वर गेला आणि आपली २३० व्होल्टची वीज आत शिरली तर एसएमपीएस मोठा आवाज करून जातो.

एवढं करूनही काही झालं नाही, तर प्लग काढा आणि समोरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग पाच-दहा मिनिटं मशीन तसंच राहू द्या. वीज लपकझपक होते तेव्हा एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद करून घेतो आणि पूर्ण वीज तोडल्याशिवाय पुन्हा उठत नाही. त्या दिवशी गडगडाटात तीन-चारदा दिवे गेले-आले असं आई म्हणाली, म्हणून मला या उपायाची बरीच आशा आहे.

इथपर्यंत स्क्रू-ड्रायव्हर लागला नाही. आता कॅबिनेट उघडायचं, पण त्याआधी आत काय चालतं ते समजून घ्या. तुमच्या शाळेत पहिला कॉम्प्युटर आला होता, त्याचं बटण खट्ट करून आत जायचं आणि थेट वीज जोडायचं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची पद्धत आणली आणि तेव्हापासून समोरच्या बटणातून ती वीज जातच नाही. ते बटण म्हणजे दारावरची बेल. मदरबोर्ड ती ऐकतो आणि एसएमपीएसला 'चालू हो' असा इशारा करतो. एसएमपीएस पुरवठा स्थिर करून 'झालं' असं उलट कळवतो, आणि मगच प्रोसेसर जागा होतो. हा इशारा ऐकायला मदरबोर्ड सतत जागा असावा लागतो, म्हणून मशीन बंद असतानाही एसएमपीएस त्याला ५ व्होल्टचा बारीक पुरवठा करत असतो. यावरून दोन गोष्टी ठरतात. आत हात घालण्याआधी प्लग भिंतीतून काढायचाच, नुसतं मशीन बंद असून चालत नाही. आणि उघड्या कॅबिनेटमध्ये प्लग लावल्यावर मदरबोर्डवर हिरवा किंवा लाल बारीक दिवा लागला, तर एसएमपीएस निदान अर्धा तरी जिवंत आहे. सगळ्याच बोर्डांवर तो दिवा नसतो, म्हणून नाही दिसला तर हिरमुसू नका.

समीर, आता तुझं काम. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) डीसी २० व्होल्टवर ठेव. मदरबोर्डला लागलेला २४ पिनांचा रुंद प्लग शोध. त्याच्या मागच्या बाजूने, जिथे वायरी आत शिरतात तिथे, काळी टोकणी काळ्या वायरपाशी आणि लाल टोकणी जांभळ्या वायरपाशी खोच. प्लग भिंतीत, मशीन बंद. आकडा ४.७५ ते ५.२५ मध्ये आला पाहिजे. शून्य आला तर बहुधा एसएमपीएस मेला. बरोबर आला तर आता बटणाकडे बघ.

बटणाची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर लिहितेय. मी इथे रिपेअर कॅफेत, म्हणजे बिघडलेल्या वस्तू लोक एकत्र बसून दुरुस्त करतात तिथे जाते, हे तुम्हाला माहीत आहे. पहिला रिपेअर कॅफे मार्टीन पोस्तमा या पत्रकार बाईंनी आम्स्टरडॅममध्ये १८ ऑक्टोबर २००९ ला भरवला, आता ते गावोगावी भरतात. इथे वस्तू ठेवून निघून जायचं नसतं. मालकाने शेजारी बसायचं, बघायचं, जमेल तिथे हात लावायचा. मला ही रीत मनापासून आवडते. तर गेल्या हिवाळ्यात एक आजोबा असाच मुका कॉम्प्युटर घेऊन आले. त्यांनाही 'बोर्ड गेला' असंच कोणीतरी सांगितलं होतं. पुढच्या पॅनेलमधून निघणाऱ्या बारीक वायरींच्या टोकाला चिमुकले प्लग असतात, त्यांवर बारीक अक्षरं असतात. 'पॉवर एसडब्ल्यू' लिहिलेला प्लग मी उपसला आणि त्या जागी शेजारचा रीसेटचा प्लग लावला. आजोबांना म्हटलं, आता रीसेटचं बटण दाबा. मशीन घरघरत सुरू झालं. बोर्ड ठणठणीत होता. पॉवरच्या बटणाखालचा छोटा स्विच दबून अडकला होता, स्प्रिंगच मेली होती. समीर, तूही हेच कर. रीसेट बटण नसेल तर त्या दोन उघड्या पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकव, बटण दाबल्यासारखंच होतं. पिना त्याच आहेत ना, हे बोर्डावरची अक्षरं वाचून नक्की कर, शेजारच्या पिना जोडायच्या नाहीत.

तरी गप्प असेल तर एसएमपीएस एकटा तपासायचा. प्लग काढ. २४ पिनांचा प्लग आणि प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा प्लग, दोन्ही मदरबोर्डवरून उपस. डिस्कची केबलही काढ. एसएमपीएसला फक्त कॅबिनेटचा एखादा पंखा जोडलेला ठेव. कागदाची क्लिप यूसारखी वाकवून २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर तिच्या शेजारच्या काळीला जोड आणि मगच भिंतीतलं बटण लाव. पंखा फिरला तर एसएमपीएस इशारा ऐकतोय. त्याच्या स्वतःच्या पंख्यावर जाऊ नकोस, काहींचा पंखा तापल्याशिवाय फिरतच नाही. मग पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ येतात का बघ. हे रंग आपल्यासारख्या, सुटे भाग घेऊन जोडलेल्या मशीनचे. वायरी सगळ्या काळ्या असतील तर ही चाचणी सोडून दे, अंदाजाने क्लिप खोचायची नाही.

आणि दोघांनीही हे पक्कं लक्षात ठेवा. एसएमपीएसची पत्र्याची पेटी उघडायची नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या नळकांड्यांमध्ये) ३०० व्होल्टच्या वर साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. बाहेरच्या वायरींवर १२ व्होल्टपलीकडे काही नसतं, तिथे भीती नाही. एसएमपीएस दुरुस्त करण्यापेक्षा बदलावा. नवा घेताना नाव असलेल्या कंपनीचा, वॉरंटीचा, ४५० वॉटच्या आसपासचा घ्या. आपल्या मशीनला तेवढा पुरून उरतो. अगदी स्वस्तातला बिननावाचा नको. तो जाताना सोबत बोर्डही नेतो.

एसएमपीएस चांगला निघाला तर मात्र मदरबोर्डकडे वळावं लागेल, पण तेही एका फटक्यात नाही. प्लग काढून आतला सगळा कचरा मऊ ब्रशने काढा. पावसाळ्यात पाली आणि मुंग्या ऊब शोधत आत शिरतात, आणि मेलेली पाल दोन टोकं जोडून बसली तर मशीन सुरू होत नाही. कुठे स्क्रू सुटून बोर्डाखाली गेलाय का, तेही बघा. प्रिंटर, माउस, पेन ड्राइव्ह, डीव्हीडी ड्राइव्ह, सगळं सोडवा. समोरच्या यूएसबीच्या आतली पिन वाकून चिकटली असेल तर तेवढ्यानेही मशीन अडतं. रॅमच्या (कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीच्या) पट्ट्या काढा, सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि एकच पट्टी दोन्ही बाजूंनी टक असा आवाज येईपर्यंत बसवा. कोकणातल्या दमट हवेत त्या कडांवर थर धरतो. मोठा प्लग आणि प्रोसेसरजवळचा छोटा प्लग पुन्हा घट्ट दाबा. बोर्डावरचा चपटा सेल, सीआर २०३२, कधी बदललेला आठवत नसेल तर बदलून टाका. तो संपला की बहुतेक वेळा नुसती तारीख मागे जाते, पण काही बोर्ड त्याच्यावाचून उठतच नाहीत. आणि कपॅसिटर बघा, उभ्या नळकांड्यांची टोपी सपाट हवी. फुगली असेल किंवा तपकिरी डाग दिसला, तर दुकानदाराचं म्हणणं बरोबर ठरेल आणि तेव्हा मी स्वतः म्हणेन, बदला.

कोणताही उपाय लागू पडो, त्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्याच. आणि वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून ठेवू नका, प्लग भिंतीतून उपसा. इंटरनेटची वायर मशीनला येत असेल तर तीही काढा, झटका तिकडूनही येतो.

सध्या आपल्यात साडेतीन तासांचा फरक आहे. शनिवारी दुपारी दीड वाजता तुम्ही बसलात तर माझे सकाळचे दहा झालेले असतील आणि मी फोनजवळ असेन. कॅबिनेट उघडल्याबरोबर आतला फोटो पाठवा, कोणती वायर कुठे होती हे परत लावताना उपयोगी पडेल. जांभळ्या वायरीचा आकडा आला की लगेच कळवा. पुढचं त्यावर ठरवू.

आईला नमस्कार. समीरला आशीर्वाद.

तुमची,
मृणाल