बिनतारी मिडी : उशीर नव्हे, अडकलेला सूर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत बिनतारी वाद्यजोडणीविषयी जो लेख आला, त्यात ‘ब्लूटूथवरून सूर उशिरा पोहोचतो, म्हणून कार्यक्रमात ते कामाचे नाही’ असा निष्कर्ष काढला आहे. मी अनेक वर्षे की-बोर्ड वाजवतो आणि काही काळापासून बिनतारी मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांशी जोडण्याची पद्धत केबलविना, वापरतो. उशिराची शंका रास्त आहे. पण लेखाने ती भलत्या ठिकाणी नेऊन ठेवली आणि खऱ्या धोक्याचा उल्लेखच केला नाही.

मिडीतून ध्वनी जात नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि कधी सोडली, एवढ्या सूचनाच जातात. १९८३च्या जानेवारीत सिक्वेन्शियल आणि रोलँड या प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका केबलने जोडून दाखवली गेली, त्या पद्धतीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट असा बेताचाच आहे; तरीही एका स्वराची तीन बाइटची सूचना जेमतेम एका मिलिसेकंदात पलीकडे पोहोचते. ब्लूटूथ हेडफोनचे काम याहून फार जड असते, कारण सबंध ध्वनी आधी संकुचित करून, पाठवून, मग पुन्हा उलगडावा लागतो आणि त्यात शंभराहून अधिक मिलिसेकंद सहज जातात. ब्लूटूथ लो एनर्जीवरील (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवरील) मिडीत दोन उपकरणे ठरावीक अंतराने एकमेकांशी बोलतात. हे अंतर बहुतेक उपकरणांत कमीत कमी ७.५ मिलिसेकंद असते, काही फोन-टॅबलेटवर ते ११.२५ किंवा १५ असते. हवेतून साडेतीन मीटर यायला ध्वनीलाच सुमारे दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे स्पीकरपासून थोडा दूर बसणारा वादक एवढा उशीर रोजच सोसत असतो. मिडी बिनतारी जोडून आवाज मात्र ब्लूटूथ हेडफोनवर ऐकणारे आणि मग मिडीला नावे ठेवणारे मी कितीतरी पाहिले आहेत.

स्थिर उशिराची हाताला सवय होते. कधी पाच, कधी वीस मिलिसेकंद अशा कमीजास्त होणाऱ्या उशिराची होत नाही. त्यासाठी २०१५च्या ब्लूटूथ मिडी मानकात प्रत्येक सूचनेसोबत वेळेची नोंद पाठवण्याची सोय आहे, मात्र घेणारे प्रत्येक उपकरण तिचा उपयोग करतेच असे नाही. म्हणून तालाच्या पॅडसाठी मी आजही केबलच लावतो.

आता लेखात न आलेली गोष्ट. पट्टी दाबल्याची सूचना पोहोचली आणि सोडल्याची पोहोचण्याआधी जोडणी तुटली, तर पलीकडचे वाद्य तो सूर धरूनच बसते. कार्यक्रमात हे एकदा झाले की उशिराची चर्चा आपोआप संपते. नवा संच घेतल्यावर पहिली चाचणी अशी करावी : चार सुरांचा कॉर्ड आणि सस्टेन पेडल (सूर लांबवणारे पायाचे पेडल) दाबून ठेवून पाठवणारे उपकरण बंद करायचे आणि ऐकायचे. आवाज थांबला नाही, तर सगळे सूर बंद करणारी ‘पॅनिक’ची सोय हाताशी हवी, आणि ती घेणाऱ्या बाजूलाच हवी, जोडणी तुटल्यावर की-बोर्डवरचे बटण कितीही दाबले तरी त्याचा निरोप जाणार कसा?

जोडणी करतानाही लोक नेमके कुठे अडतात, ते सांगायला हवे. पाच पिनांच्या सॉकेटमध्ये बसणारी छोटी अडॅप्टरे बहुधा मिडी आउटमधून, म्हणजे सूचना बाहेर पाठवणाऱ्या सॉकेटमधून, वीज घेतात. सूचना घेणाऱ्या मिडी इनमधून ती मिळत नाही, त्यामुळे फक्त इन असलेल्या साउंड मॉड्यूलसाठी (पट्ट्या नसलेल्या, नुसता आवाज काढणाऱ्या पेटीसाठी) विजेची वेगळी सोय लागते. आयपॅडवर ही जोडणी सेटिंग्जमधल्या ब्लूटूथच्या यादीतून नव्हे, तर संगीताच्या अ‍ॅपमधून करायची असते. विंडोजवरच्या अनेक संगीत-सॉफ्टवेअरना ब्लूटूथ मिडी थेट दिसत नाही, तिथे यूएसबी रिसीव्हर बरा. आणि सरावाच्या वेळी की-बोर्ड ज्या फोनला जोडला होता, तो ऐनवेळी खिशात असेल तर त्याचे ब्लूटूथ आठवणीने बंद करावे, कारण तोच आधी जोडणी पकडून बसतो. हे मी भर कार्यक्रमात शिकलो.

ही उपकरणे रेडिओ लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात, आणि त्याच पट्ट्यात वायफाय व श्रोत्यांचे फोनही असतात. माणसाचे शरीर या लहरी बऱ्याच शोषते, त्यामुळे रिकाम्या सभागृहातली तालीम बिनघोर पार पडली तरी भरल्या सभागृहात तीच जोडणी टिकेल, असे धरून चालू नये. रिसीव्हर डोक्याच्या उंचीवर आणि वादकाच्या समोर ठेवल्याने पुष्कळ फरक पडतो.

लेखाचा पुढील भाग येणार असल्यास त्यात मिलिसेकंदांच्या तक्त्याऐवजी, जोडणी तुटल्यावर कोणते उपकरण कसे वागते याची तपासणी द्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक की-बोर्डवादक वाचक