सूचना : नव्या पुस्तकांचे प्रकाशन, रविवारी सायंकाळी ७ वाजता

सर्व सभासदांना नमस्कार.

आफ्रिकी विचार, स्त्रीवाद आणि सामाजिक न्याय या विषयांवरच्या नव्या पुस्तकांचे प्रकाशन येत्या रविवारी वाचनालयाच्या ओसरीवर आहे. रोवणीवरून बाया घरी पोहोचल्याशिवाय कार्यक्रम सुरू होणार नाही, म्हणून वेळ सायंकाळची. हारतुरे, शाल-श्रीफळ काही नाही.

“आफ्रिकेचं आपल्याले काय?” असे दोघातिघांनी विचारले. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी १९७७ मध्ये कामिरीथू गावातल्या शेतकरी-मजुरांना घेऊन त्यांच्याच गिकुयू भाषेत नाटक बसवले. सरकारने ते बंद पाडले आणि त्यांना खटल्याविना तुरुंगात टाकले. तिथे त्यांनी टॉयलेट पेपरवर कादंबरी लिहिली, तीही गिकुयूतच. पूर्व विदर्भातल्या आपल्या नाटकवेड्या झाडीपट्टीच्या माणसाला आणखी काय समजावून सांगायचे?

त्याच वर्षी, त्याच देशात वांगारी मथाई यांनी बायांना सोबत घेऊन झाडे लावायची चळवळ सुरू केली. २००४ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. बचत गटाच्या ताईंनी यावर बोलायचे कबूल केले आहे.

पुस्तके त्याच दिवशी घरी नेता येतील, मुदत १५ दिवस. आधीची पुस्तके ज्यांच्याकडे अडकली आहेत त्यांनी ती येताना आणावीत. नावे इथे टाकत नाही, ज्याचे त्याला माहीत आहे. पाऊस असला तर समाजमंदिरात बसू.

— ग्रंथपाल