नदीचा कोटा किती?

महोदय,

धरणांचं पाणी शहराला किती आणि शेतीला किती हे ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीची बैठक जवळ आली की दोन बातम्या ठरलेल्या. पुणेकर मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलतात, ही दौंड-इंदापूरची तक्रार. आणि उसासाठी आम्हाला का तहानलेलं ठेवता, हा शहराचा सवाल. मी राहते वडगाव बुद्रुकला आणि माझं माहेर दौंड तालुक्यात, मुळा-मुठेच्या काठी. त्यामुळे दोन्ही बाजू मला घरातच ऐकायला मिळतात, भाऊबीजेला तर जरा चढ्या आवाजात. नदीची बाजू मात्र कुणी घेतलेली मी अजून ऐकलेली नाही.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. शहराचं पाणी जलकेंद्रांकडे जातं, शेतीचं उजव्या कालव्यानं. पावसाळा सरला की खडकवासल्याच्या भिंतीखाली मुठेच्या वाट्याला काही उरत नाही. उन्हाळ्यात विठ्ठलवाडीच्या देवळामागे जे काळपट पाणी हळूहळू सरकताना दिसतं, ते ओढ्यानाल्यांतून आलेलं आपलंच सांडपाणी. मग जुलैत एकदम हजारो क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला हजारो घनफुटांचा विसर्ग. २०२४ मध्ये नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा चार दिवस सगळ्यांना नदी आठवली होती!

खाली माझ्या भावाच्या शेतात हेच पाणी मोटारीनं चढतं. दर दोन-चार दिवसांनी फुटबॉल (पाण्यातल्या पाइपच्या तोंडाची झडप) वर काढून त्याच्या जाळीत गुंतलेली जलपर्णीची मुळं, पिशव्यांच्या चिंध्या, केसांचे पुंजके हातानं उपसावे लागतात. ते करणाऱ्या गड्याच्या मनगटापर्यंत खाज उठते. काठच्या विहिरीचं पाणी माझी आई सर्रास पीत असे. आता त्या घरात प्यायला जार येतो. नदीकाठच्या गावात पाणी विकत! आणि आमच्या सोसायटीत सकाळी गाड्या धुवायला पाइप लावलेला असतो, दुपारी टँकर येतो.

माझी मागणी मोठी नाही. फेब्रुवारी ते मे असे चार महिने खडकवासल्यातून ५० क्युसेक पाणी नदीत सोडत राहा. एक क्युसेक म्हणजे दिवसाला ८६,४०० घनफूट. त्या हिशेबानं १२० दिवसांना साधारण अर्धा टीएमसी लागेल. २९ टीएमसीतले दोन टक्केही नाहीत. ही तूट शहर आणि कालवा दोघांनी निम्मी निम्मी सोसावी. आमच्या भागात त्यासाठी आठवड्यातून एक वेळ पाणी कमी आलं तरी चालेल, असं मी तरी म्हणेन. शेजारी काय म्हणतील ते माहीत आहे.

नदीत सोडलेलं पाणी वाया जातं, असं म्हणणाऱ्यांनी नकाशा उघडावा. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. वाटेत दौंडचे शेतकरी ते उचलतीलच. उचलू देत, निदान आजच्यापेक्षा बरं पाणी उचलतील.

चांगलं पाणी गटारात कशाला ओतायचं, हा आक्षेप मात्र खरा आहे. ५० क्युसेकनं शहराचा मैला धुऊन निघणार नाही. नदीचं प्रदूषण कमी करण्यासाठी ‘जायका’ या जपानी संस्थेकडून घेतलेल्या कर्जाचा करार २०१६ चा. त्यातले ११ मैलाशुद्धीकरण प्रकल्प आणि नाल्यांचं पाणी तिथवर नेणाऱ्या वाहिन्या याला पर्याय नाही. नदीकाठ सुशोभीकरणाचं भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झालं. घाट आणि पायवाटा होतीलही, पण नाकाला रुमाल लावून त्यावर कोण फिरणार? तरीही सगळे प्रकल्प पूर्ण होईपर्यंत नदीनं कोरडं थांबावं, हे मला पटत नाही. निदान धरणापासून पहिले मोठे नाले मिळेपर्यंतचा पट्टा आजही जिवंत ठेवता येईल. तिथे मासे टिकले, काठच्या विहिरींना पाझर मिळाला, तरी पुष्कळ.

नदीच्या प्रवाहाचा काही भाग पर्यावरणासाठी राखावा, असं २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीतच म्हटलं आहे. तेव्हा समितीच्या टिपणीत पिण्यासाठी, शेतीसाठी आणि उद्योगासाठी असे रकाने असतात, तसा एक नदीसाठी असावा, आणि त्यात शून्य असेल तर तेही छापावं. आपल्या वार्ताहरांनीही यंदाच्या बैठकीनंतर पालकमंत्र्यांना एवढा एक आकडा विचारावा, ही विनंती.

– एक वाचक, वडगाव बुद्रुक, पुणे