विषय : नव्या आवृत्तीमुळे रस्ता व ले-आउट डिझाइनचे काम वाढल्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

साताऱ्यात माझे स्थापत्य सल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. मी आणि दोन ड्राफ्ट्समन, एवढीच माणसे. आपले सॉफ्टवेअर आम्ही चार वर्षे वापरतो आहोत आणि तीन वर्षे त्याबद्दल समाधानी होतो. यंदा काम लवकर उरकेल या आपल्या प्रतिनिधींच्या शब्दावर वाढीव शुल्क भरून नवी आवृत्ती घेतली. तेव्हापासून रोज रात्री नऊपर्यंत थांबावे लागते.

11 एकरांच्या एका ले-आउटमध्ये 84 प्लॉट आहेत. नगररचना कार्यालयाने आतला एक रस्ता 9 मीटरऐवजी 12 मीटर करायला सांगितला. जुन्या आवृत्तीत रस्त्याची कड सरकवली की प्लॉटच्या हद्दी आणि क्षेत्रफळाचा तक्ता दोन्ही आपोआप बदलत. आता हद्दी सरकतात, तक्ता मात्र जुनेच आकडे दाखवतो. खुली जागा नियमातल्या 10 टक्क्यांच्या खाली गेलेली आम्हाला कळलीच नाही आणि फाइल परत आली. मालकाने बँकेचे कर्ज काढून जमीन घेतली आहे. त्याला उशिराचे कारण सांगताना मान खाली घालावी लागली.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. एका ग्रामीण रस्त्याची जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडताच आमची आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेसची) रस्त्यांची मानके पुसली जाऊन परदेशी मानके लागू झाली. कसलीही सूचना आली नाही. 200 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 65 किलोमीटर वेगासाठी सुपरएलिव्हेशन, म्हणजे वळणावर रस्त्याला आतल्या बाजूकडे दिलेला आडवा उतार, 9.4 टक्के दिसले. वेगाच्या वर्गाला 225 आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागायचे, या सूत्राने उत्तर तेच येते. पण सपाट मुलखात आयआरसीची मर्यादा 7 टक्के आहे आणि ती लावण्याचे काम सॉफ्टवेअरचे. ड्राफ्ट्समनच्या नजरेला आले म्हणून बरे. ते क्रॉस सेक्शन (रस्त्याच्या आडव्या छेदाचे रेखाचित्र) तसेच साइटवर गेले असते, तर उसाने भरलेली ट्रॉली त्या उतारावरून सावकाश जाताना आतल्या बाजूला कलंडण्याची भीती होती. आता प्रत्येक वळण आम्ही कॅल्क्युलेटरवर पुन्हा तपासतो.

एक चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरावरचा बिंदू) बदलला तरी सगळा कॉरिडॉर, म्हणजे सॉफ्टवेअरमधला पूर्ण रस्त्याचा आराखडा, पुन्हा बांधला जातो. सहा किलोमीटरच्या रस्त्याला त्यात चाळीस मिनिटे जातात आणि तोवर संगणक दुसऱ्या कामाला येत नाही. बदललेला तुकडाच नव्याने मोजण्याची सोय पूर्वी होती. ती का काढली?

तीन वेळा तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करा, एवढेच उत्तर आले.

क्षेत्रफळाचा तक्ता आणि मानकांचा दोष दुरुस्त होईपर्यंत जुनी आवृत्ती याच शुल्कात सुरू करून द्यावी आणि वाया गेलेले तीन महिने मुदतीत वाढवून मिळावेत. रस्त्याचे डिझाइन स्वतः केलेल्या अभियंत्याने आमच्याशी फोनवर बोलावे, हीही विनंती. दोन्ही फाइली सोबत जोडल्या आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक ग्राहक, स्थापत्य सल्लागार, सातारा