स्पीडबोटीत घरच्या मोठ्यांना पुढच्या सीटवर बसवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीतला स्पीडबोटच्या सफरीवरचा लेख वाचला आणि आवडला, शहराच्या खाडीत वेगात फिरताना जे वाटतं ते लेखकाने छान पकडलंय. पण शेवटी टिप्सच्या चौकटीत खरा थरार हवा असेल तर सगळ्यात पुढची सीट पकडा, घरच्या मोठ्या माणसांनाही पुढेच बसवा म्हणजे व्ह्यू मस्त दिसतो, असं जे छापलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. तेवढी एक ओळ कृपया दुरुस्त करा. पुढची सीट सगळ्यात जास्त आपटते.

मला स्वतःला ही सफर प्रचंड आवडते. धक्क्यापासून निघताना बोट हळूहळू जाते, गाइड किनाऱ्यावरच्या इमारती दाखवत असतो, पुलाखालून जाताना रोज गाडीतून बघितलेला पूल खालून केवढा अवाढव्य आहे ते पहिल्यांदा कळतं, आणि मग मोकळं पाणी आलं की चालक थ्रॉटल पुढे ढकलतो. आधी बोटीचं नाक वर उचललं जातं, क्षणभर समोर काहीच दिसत नाही, आणि मग बोट सपाट होऊन पाण्यावरून घसरायला लागते. इतका वेळ ती पाणी कापत चाललेली असते, आता पाण्याच्या वर चढून पळते, पाण्याशी घर्षण कमी होतं म्हणून वेग एकदम वाढतो. ४० नॉट म्हणजे ताशी साधारण ७४ किलोमीटर, हायवेवर त्याचं काही वाटत नाही, पण पाण्याला हात लागेल इतक्या जवळ, उघड्यावर, तोंडावर तुषार घेत तोच वेग कितीतरी जास्त वाटतो. हे सगळ्यांनी एकदा तरी अनुभवावं असं मला मनापासून वाटतं, आजी-आजोबांनीसुद्धा, म्हणून तर हे पत्र.

बोट अशी पळत असते तेव्हा तिचा पुढचा भाग जवळजवळ हवेत असतो आणि मागचा पाण्यात टेकलेला असतो. लाट आली की नाक वर उडतं आणि धाडकन खाली आपटतं, मागचा भाग मात्र त्या मानाने फार कमी हलतो. म्हणजे त्याच बोटीत, त्याच लाटेवर पुढच्या माणसाला बसणारा धक्का मागच्यापेक्षा खूप मोठा असतो. त्यात चालक बऱ्याच बोटींत मागच्या बाजूला असतो, त्याच्या हातात स्टिअरिंग असतं, येणारी लाट त्याला दिसते आणि तो आधीच अंग सावरतो. त्यामुळे पुढच्यांना किती लागतंय हे त्याला स्वतःच्या अंगावरून कळतच नाही! पुढे बसलेली व्यक्ती फोटो काढत असते, सीटवरून वर उडते आणि नेमकी बोट परत वर येत असताना खाली बसते, तो सगळा मार सरळ पाठीच्या कण्यावर जातो. छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तिथला मणका अशा वेळी दबून मोडू शकतो. २००८ साली ब्रिस्टल चॅनलमध्ये सहलीच्या बोटीत एका महिलेच्या मणक्याला अशीच इजा झाली आणि ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने त्याची चौकशी केली. हाडं ठिसूळ झालेल्यांना, म्हणजे आपल्या घरातल्या बऱ्याच वयस्कर बायकांना, हा धोका अजून जास्त आहे. पाठीचं ऑपरेशन झालेले आणि गरोदर बायका यांनी तर वेगाच्या राइडला नाहीच म्हणावं, त्यांच्यासाठी साधी संथ बोट आहे ना, तिथूनही शहर तेवढंच सुंदर दिसतं.

आणि व्ह्यूचं म्हणाल तर मी नेहमी मागे बसतो. मागून दोन्ही बाजू मोकळ्या दिसतात, बोटीमागे उठणारा पांढरा फेस दिसतो, अख्खं शहर लांब जाताना दिसतं. काहीही चुकत नाही.

वेळेबद्दलही लेखात काही नव्हतं. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि खाडीत आखूड, उभ्या, एकामागोमाग एक लाटा तयार होतात, लांब संथ लाटांपेक्षा ह्याच जास्त आपटवतात. मोठ्यांना न्यायचं तर सकाळची फेरी बघा. बसताना पाय पूर्ण टेकलेले, गुडघे थोडे वाकलेले, दोन्ही हातांनी दांडा धरलेला, फोन खिशात. फोटो बोट हळू असताना भरपूर काढता येतात, नंतर हात रिकामे हवेत. लाइफ जॅकेट लहान मुलांना त्यांच्या मापाचंच मागा, मोठ्याचं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

अजून एक, निघायच्या आधी चालकाकडे नजर टाका, त्याने किल कॉर्ड लावलीय का. ती लाल गुंडाळीची दोरी असते, एक टोक चालकाच्या पायाला किंवा अंगाला आणि दुसरं इंजिनच्या स्विचला, तो फेकला गेला तर इंजिन बंद. २०१३ मध्ये इंग्लंडच्या पॅडस्टोजवळ ती लावली नव्हती, अख्खं कुटुंब पाण्यात फेकलं गेलं, बोट रिकामीच गोल गोल फिरत राहिली आणि दोघे गेले. २०२० मध्ये साउथॅम्प्टनच्या पाण्यात थराराच्या राइडवरची बोट ३८.४ नॉट वेगात बोयावर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या मार्गदर्शक खुणेवर, आदळली आणि एक शाळकरी मुलगी गेली. सुरक्षित वेग ठेवणं आणि सतत नजर ठेवणं हे १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत प्रत्येक बोटीला बंधनकारक आहे, राइडची बोट त्यातून सुटत नाही. त्यामुळे चालक दुसऱ्या बोटीची लाट बघून वेग कमी करत असेल तर मागून "अरे पळव ना" म्हणून ओरडू नका, तो त्याचं काम नीट करतोय. आणि पाठीत कळ आली तर लगेच हात वर करून त्याला थांबायला सांगा, लाजू नका, बाकीचे काय म्हणतील वगैरे अजिबात नको.

तुमची पुरवणी घराघरात जाते, सुट्ट्यांचं प्लॅनिंग लोक त्यावरून करतात. पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच आकाराची चौकट छापून मोठ्यांना मागच्या सीटवर बसवा आणि का बसवा एवढं दिलंत तरी खूप झालं. लेखकाला माझा नमस्कार कळवा, त्यांनी अजून लिहावं.

आपला,
एक नियमित वाचक