वीस अभ्यास कोणते, तेही छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या आरोग्य पुरवणीत गुडघेदुखीवरच्या एका पावडरीची बातमी आली. ‘वीस अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष’ असा ठळक मथळा होता. सोमवारी सकाळीच शेजारच्या काकू ते कात्रण चष्म्याच्या डबीत घडी घालून माझ्याकडे घेऊन आल्या. “सिस्टर, वीस ठिकाणी तपासलंय म्हणजे घ्यायला हरकत नाही ना?” पेन्शनमधून महिन्याला अठराशे रुपये त्या मोजणार होत्या. मी बातमी दोनदा वाचली. ते अभ्यास किती माणसांवर झाले, कोणी केले, पैसा कोणाचा होता, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. काकूंना काय उत्तर द्यावे ते मला कळेना.

मी कोपरीत राहते. ठाण्यातल्या एका रुग्णालयात चौतीस वर्षे परिचारिका होते, त्यातली बरीचशी लेबर रूममध्ये गेली. अनेक अभ्यास शोधून, पारखून एकत्र मांडण्याच्या कामाला डॉक्टर मंडळी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. माझा जीव त्या कामात का अडकला आहे, ते सांगते.

१९८६ चा पावसाळा. सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या म्हणून जवळच्या दिवा गावाहून एक बाई आली. दीड दिवसाने ती बाळंत झाली. बाळ अकराशे ग्रॅमचे. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायचा, सोडताना कण्हल्यासारखा बारीक आवाज यायचा. बाप बाहेर बाकावर नवी कुंची घेऊन बसला होता. बाळ एकोणीस तास जगले. डेक्सामेथासोनच्या बाटल्या त्याच खोलीतल्या इमर्जन्सी ट्रेमध्ये होत्या, दम्याच्या रुग्णांसाठी. दिवस भरण्याआधी बाळंत होणाऱ्या आईला ते इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

आणि हे जगाला माहीत नव्हते असे नाही. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी याच जातीच्या औषधाची, बेटामेथासोनची, चाचणी १९७२ मध्येच प्रसिद्ध केली होती. पुढे आणखी चाचण्या झाल्या, पण बऱ्याचशा लहान. एकेकटी पाहिली तर ‘फायदा असेलही, नसेलही’ एवढेच म्हणता यायचे. त्या सगळ्या नीट एकत्र मांडलेला आढावा १९८९ मध्ये आला, आणि बाळ दगावण्याची शक्यता ३० ते ५० टक्क्यांनी घटते हे तेव्हा कुठे लख्ख दिसले. असेच आढावे तयार करणाऱ्या, १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हात तेच चित्र आहे. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक चाचणी. उभी रेघ म्हणजे ‘काही फरक नाही’. बऱ्याच आडव्या रेघा त्या उभ्या रेघेला ओलांडतात, म्हणजे एकट्याने काहीच सिद्ध करत नाहीत. सगळ्यांची गोळाबेरीज असलेला लहानसा हिरा मात्र स्पष्ट एका बाजूला आहे. एका प्रशिक्षणात पडद्यावर ते चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ती कुंची आठवली. मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

तरीही, एकत्रित निष्कर्ष म्हटला की मान डोलवावी असे मी म्हणणार नाही. याच इंजेक्शनचे पुढे काय झाले पाहा. आधीचे बहुतेक अभ्यास सुसज्ज रुग्णालयांतले होते. गावपातळीवरही ते सर्रास द्यावे का, हे सहा देशांत तपासले गेले. आपले नागपूर आणि बेळगावही त्यात होते. २०१५ मध्ये निकाल आला: नवजात मृत्यू घटले तर नाहीतच, एकूणात किंचित वाढले. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे नीट मोजून आणि बाळाच्या देखभालीची सोय असेल तिथेच, २८५२ मातांवर चाचणी घेतली. २०२० मधला तो निकाल: इंजेक्शन न मिळालेल्या गटात नवजात मृत्यू २३.५ टक्के, मिळालेल्या गटात १९.६ टक्के. औषध तेच. कुठे दिले, कोणाला दिले, यावर सगळे ठरले. म्हणून अभ्यासांची संख्या ऐकून माझे समाधान होत नाही. पंधरा-पंधरा माणसांचे वीस अभ्यास मिळून तीनशेच माणसे होतात.

शिवाय बेरजेत एक जरी खोटा आकडा शिरला तरी बेरीज बिघडते. करोनाकाळात, करोनावर चालते म्हणून गाजलेल्या आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाचे हेच झाले. इजिप्तमधला एक मोठा अभ्यास संशयास्पद ठरून जुलै २०२१ मध्ये मागे घेतला गेला, आणि त्याच्या भरवशावर काढलेले एकत्रित निष्कर्ष कोलमडले. तोवर आमच्या सोसायटीत घरोघरी गोळ्या खाऊन झाल्या होत्या. उलट बाजूही आहे: औषध फसलेल्या चाचण्या पुष्कळदा कपाटातच पडून राहतात आणि बेरजेत येतच नाहीत. आपल्याकडे २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची आधी नोंदणी करणे बंधनकारक आहे. नोंदल्या किती आणि छापल्या किती, हे आपला वार्ताहरही ताडून पाहू शकतो.

माझी विनंती मोठी नाही. अशा बातमीखाली चार ओळींची चौकट द्या. एकूण माणसे किती, ती कोणत्या वयाची आणि कुठली, पैसा कोणाचा, आणि आढावा घेणाऱ्यांनी स्वतः त्या पुराव्याला भक्कम म्हटले की कच्चा. चांगल्या आढाव्यात हे सगळे लिहिलेलेच असते. फायदा सांगताना ‘निम्म्याने कमी’ एवढेच छापू नका. शंभरातल्या किती जणांना फरक पडला ते सांगा. शंभरात दोघांऐवजी एकाला त्रास झाला तरी ते ‘निम्म्याने’च असते, हे काकूंना कसे कळावे?

काकूंना मी थोडे थांबायला सांगितले आहे. कात्रण त्या माझ्याकडे ठेवून गेल्या. तो मूळ आढावा कोणत्या नियतकालिकात आला, एवढे तरी येत्या रविवारी कृपया छापा. मी तो मिळवून वाचेन आणि त्यांना समजावून सांगेन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
कोपरी, ठाणे (पूर्व)